हिशेब कागदावर आहे

एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी दादा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दुधाचा हिशेब करत बसला होता. आमच्याकडे रतिबाचा हिशेब दर महिन्याला तोच करतो. कालनिर्णयच्या पानावर ज्या दिवशी दूध आले नाही त्या चौकटीत पेन्सिलीने एक लहानशी फुली, ज्या दिवशी अर्धा लिटर जास्त घेतले त्या चौकटीत एक टिंब, आणि महिना संपला की माझ्या जुन्या मुद्रितांच्या पाठकोऱ्या कागदांवर बेरीज, अशी त्याची पद्धत आहे. मी ओट्याशी उभी राहून चहासाठी आले किसत होते. तो ओठ हलवत, पेन्सिलीचे टोक एकेका चौकटीवर टेकवत खाडे मोजत होता, आणि मी मागे न वळताच सवयीने विचारले, ''दुपारची गोळी घेतली होतीस ना?'' पेन्सिल थांबली. ''घेतली,'' असे म्हणून त्याने पुन्हा एक तारखेपासून सुरुवात केली. दुसऱ्या वेळी खालून कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला आणि तो सतरा तारखेपाशी अडकला. तिसऱ्या वेळी मी चहाचा कप घेऊन त्याच्या समोर बसले आणि, हेही सवयीनेच, त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिले. त्याने मान वर केली. ''डोळ्यांत काय बघतेस?'' तो अगदी शांतपणे म्हणाला. ''हिशेब कागदावर आहे.'' मग पेन्सिल कालनिर्णयच्या कडेला समांतर ठेवून तो गॅलरीत निघून गेला. उरलेला हिशेब मी केला. तीस दिवस, दोन खाडे, तीन वेळा अर्धा लिटर जास्त, म्हणजे साडेएकोणतीस लिटर. चौसष्टच्या दराने १८८८ रुपये. मला जेमतेम एक मिनिट लागले, आणि त्या मिनिटाच्या सहजपणाची मला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

मी काय बघत होते, हे मला चांगलेच माहीत होते. दादा एकवीस वर्षांचा असताना पहिल्यांदा आजारी पडला. आता तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे. स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या घरात यायला त्यानंतर दीड वर्ष लागले, आणि तो शब्द येण्याआधीच आईने डोळे बघायला सुरुवात केली होती. आधी ती मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची. मोहऱ्या निखाऱ्यावर तडतडल्या की तेवढ्यापुरते तिला बरे वाटे. औषधे सुरू झाल्यावर दृष्ट थांबली, पण बघणे थांबले नाही. ते फक्त देव्हाऱ्यासमोरून जेवणाच्या टेबलाशी आले. सकाळी तो उठून आला की ती आधी त्याच्या डोळ्यांकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि तिच्या भुवईच्या हालचालीवरून मला कळायचे की आजचा दिवस कसा जाणार. बाहुल्या मोठ्या दिसल्या की सावध राहायचे, हा आमचा दोघींचा अलिखित नियम होता. आई गेली तेव्हा तिच्या पाटल्यांबरोबर हा नियमही माझ्याकडे आला. खिडकीशी तो उभा असला आणि उजेड तिरका पडला की मी काही ना काही निमित्त काढून त्याच्या समोर जायचे. दिवे गेले की टॉर्च आधी त्याच्या चेहऱ्याच्या दिशेने फिरायचा. डोळ्यांत तेल घालून जपणे म्हणतात ते हेच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

त्या संध्याकाळनंतरच्या भेटीत मी त्याच्या डॉक्टरांना हे सगळे सांगितले. सांगताना मला थोडा अभिमानही वाटत होता, कारण एवढे बारीक निरीक्षण ठेवणारी माणसे कमीच असतात. त्यांनी ऐकून घेतले आणि औषधांच्या चिठ्ठीवरच्या एका नावाखाली पेनाने रेघ ओढली. मुख्य औषधामुळे अंगात येणारा ताठरपणा आणि हातांची थरथर कमी व्हावी म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची जी लहान गोळी दिली जाते, ती बाहुल्या मोठ्या करू शकते, आणि जवळचे धूसरही दिसू शकते. दादा कालनिर्णय हातभर लांब धरून का बघतो, हा प्रश्न मी चाळिशीच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते. तो कदाचित त्याच गोळीचाही असेल. निघताना डॉक्टर म्हणाले, ''झोप कशी आहे ते बघा, बोलणं कसं आहे ते बघा. डोळ्यांवरून नका ठरवू.''

म्हणजे सव्वीस वर्षे आम्ही दोघी बहुधा एका गोळीचा परिणाम वाचत होतो.

मी मुद्रितशोधक आहे. चुकीचे वाचले गेले आहे असे कळल्यावर मूळ प्रत शोधायची, ही माझ्या कामातली पहिली शिस्त. त्यामुळे पुढचे काही आठवडे रात्री जेवणे झाल्यावर मी बाहुलीबद्दल मिळेल ते वाचत बसले. आपल्या भाषेत हा शब्दच किती विलक्षण आहे, हे इतकी वर्षे शब्दांत राहूनही माझ्या लक्षात आले नव्हते. बाहुली म्हणजे खेळण्यातली, आणि डोळ्यातलीही. संस्कृतातली कनीनका म्हणजे डोळ्यातली बाहुली आणि मुलगीही. लॅटिनमध्येही डोळ्यातल्या बाहुलीला आणि लहानग्या बाहुलीला एकच शब्द आहे. एकमेकांचा फारसा संबंध नसलेल्या माणसांनी समोरच्याच्या डोळ्यात डोकावून बघितले, तिथे स्वतःचेच चिमुकले प्रतिबिंब त्यांना दिसले आणि त्यांनी त्याला बाहुली म्हटले. दादाच्या डोळ्यांत मी रोज जे बघत होते त्यात एक बाहुली माझीही असणार, कपाळाला आठ्या घातलेली. ती मला कधी दिसली नाही.

डोळ्यातल्या बाहुलीचा आणि मनातल्या हालचालीचा संबंध प्रयोगशाळेत पोहोचला तो एका घरगुती नजरेमुळेच, हे वाचून मला गंमत वाटली. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ एकहार्ड हेस रात्री अंथरुणात पडून प्राण्यांच्या सुंदर छायाचित्रांचे एक पुस्तक चाळत होते. त्यांच्या पत्नीचे सहज लक्ष गेले आणि ती म्हणाली की उजेड कमी असावा, तुमच्या बाहुल्या फार मोठ्या दिसताहेत. दिवा तर चांगला होता. हेस यांनी त्याचा पाठपुरावा केला, आणि १९६० साली त्यांचा आणि जेम्स पोल्ट यांचा निबंध प्रसिद्ध झाला की मन ज्यात गुंतते ते बघताना बाहुली मोठी होते. चार वर्षांनी त्यांनीच दाखवले की मनातल्या मनात गुणाकार करतानाही ती मोठी होते, आणि गणित जितके अवघड तितकी जास्त. नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघून उजेडाची काळजी करणाऱ्या त्या बाईंना या सगळ्याचे श्रेय कितपत मिळाले, कोण जाणे.

पुढे १९६६ साली डॅनियल काहनेमान आणि जॅक्सन बीटी यांनी लोकांना आकडे ऐकवले. तीन, चार, पाच, असे करत सातपर्यंत. प्रत्येक आकड्यागणिक बाहुली थोडी थोडी रुंदावत जाई, आणि ते आकडे परत म्हणून दाखवताना एकेका आकड्यागणिक आकसत जाई, जणू डोक्यावरच्या पाटीतली एकेक वीट उतरवून ठेवावी. हे बदल फार लहान असतात. अंधार-उजेडाने बाहुली साधारण दोन मिलिमीटरपासून आठ मिलिमीटरपर्यंत लहानमोठी होते, पण विचाराच्या ताणाने होणारा फरक बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्याही आतला. मुद्रितावर पूर्णविराम आणि अनुस्वार यांच्यातला फरक ओळखण्याएवढा. मेंदूच्या खोडात एक निळसर ठिपका आहे, त्यात मेंदूच्या मानाने मोजक्याच पेशी. पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूत पसरलेले असतात आणि नॉरॲड्रेनॅलिन नावाचे रसायन सोडून त्या मेंदूला जागे करतात, सावध करतात. तो ठिपका आणि बाहुली यांची हालचाल बऱ्याच अंशी बरोबरीने चालते. म्हणून डोके न उघडता डोक्यातल्या कष्टाचा अंदाज घ्यायचा असेल तर बाहुली मोजायची, असा हा सगळा व्यवहार आहे. काहनेमान यांनी लिहिले आहे की कधी कधी बाहुली आकसलेली दिसली की ते बाहेरून विचारत, आत्ता तुम्ही प्रयत्न का सोडलात. आणि समोरचा माणूस चकित होऊन विचारी, तुम्हाला कसे कळले. त्यांच्या लिखाणात हा प्रसंग गमतीचा आहे. मला मात्र वाचताना आमचे टेबल आठवले, त्यावरची पेन्सिल आठवली, आणि हसू आले नाही.

मनोविकाराच्या दवाखान्यांतून डोळ्यांत बघणे तर याहून फार जुने आहे. जर्मनीत फ्रायबुर्गला काम करणारे ओस्वाल्ड बुम्के यांनी १९०४ सालीच मानसिक आणि मज्जासंस्थेच्या आजारांतल्या बाहुल्यांवर अख्खे पुस्तक लिहिले होते. निरोगी माणसाची बाहुली कधी अगदी स्थिर नसते. ती सतत किंचित थरथरते, टाचणी टोचली, दचकायला झाले, मनात गणित केले की रुंदावते. आज ज्याला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो त्या आजाराच्या अनेक रुग्णांत ही हालचाल मंदावलेली किंवा नाहीशी झालेली त्यांना आढळली. मला इथे सनावळीने अडवले. स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरचे पहिले परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, पॅरिसमध्ये रुग्णांना दिले गेले ते १९५२ साली. म्हणजे बुम्के यांनी बघितलेल्या डोळ्यांना दादाच्या गोळ्यांपैकी एकही गोळी माहीत नव्हती. डॉक्टरांनी ओढलेल्या रेघेने जो प्रश्न निकालात निघाला असे मला वाटले होते, तो पुन्हा उघडला. गोळी बाहुलीला मोठी करते हे खरे. पण आजारात बाहुली मनाच्या हाकेला कमी ओ देते हेही खरे, आणि घरातल्या पिवळ्या दिव्याखाली, काळ्याभोर डोळ्यांत, यातले काय कुठे संपते हे कोणी सांगावे?

संशोधकांनाही ते सोपे गेलेले नाही. बाहुली एकूण किती मोठी आहे हे महत्त्वाचे नसते. काम अंगावर आल्यावर त्या क्षणी ती आधीपेक्षा किती वाढली ते बघायचे असते. त्यासाठी खोलीतला उजेड एकसारखा ठेवतात, हनुवटी टेकवायला आधार देतात, डोळ्यावर न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतात, म्हणजे तपकिरी बुबुळातही बाहुलीची कड स्वच्छ उठून दिसते. सॅन डिएगोचे एरिक ग्रॅनहोम यांनी १९९० च्या दशकात आकड्यांचाच प्रयोग पुढे नेला. आकडे वाढत जातात तशी निरोगी माणसाची बाहुली वाढत जाते, आणि डोक्यात मावतील त्याहून जास्त आकडे झाले की वाढ थांबते, कधी उलट घसरते. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांतही बाहुली ओझ्याबरोबर वाढते. फक्त तो माथा, जिथून पुढे चढ संपतो, त्यांना आधी लागतो. हे वाक्य मी पेन्सिलीने वहीत उतरवून घेतले. वाढते, हा त्यातला शब्द मला महत्त्वाचा वाटला. आमच्या घरात इतकी वर्षे ठरून गेले होते की दादा मन लावत नाही. वडील म्हणायचे, आत्या म्हणायची, मी तोंडाने म्हटले नाही तरी हातातून पेन्सिल काढून घेताना म्हणतच होते. मन लावून चढ चढणारा माणूस थोड्या खाली थांबला तर त्याला चढलाच नाही असे म्हणता येत नाही.

पण ग्रॅनहोम यांचेच २०१६ सालचे काम वाचले आणि मला रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही. त्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बाहुलीच्या प्रतिसादाबरोबर माणसाच्या स्वतःबद्दलच्या समजुतीही तपासल्या होत्या. आपल्याला जमणारच नाही, चुकलो तर सगळेच संपले, कशाला हात लावा, असे ज्यांच्या मनात घट्ट बसले होते, त्यांची बाहुली काम अंगावर आल्यावर कमी रुंदावत होती. म्हणजे डोळ्यांत दिसणारी उणीव सगळी मेंदूच्या ताकदीची नसते. काही भाग जमणार नाही या विश्वासाचाही असतो. आणि तो विश्वास काही आकाशातून पडत नाही.

राहू दे, मी करते. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा उच्चारले असेल?

मानसशास्त्रात ज्याला बोधनिक नियंत्रण म्हणतात, त्या जडजंबाल शब्दाचा अर्थ आमच्या टेबलावर अगदी साधा आहे. सतरा तारखेवर पेन्सिल आहे, आतापर्यंत एक खाडा झाला आहे, टिंबे वेगळी मोजायची आहेत, आणि हॉर्न, कुकरची शिट्टी, बहिणीचा प्रश्न यांच्यातून हे सगळे धरून ठेवायचे आहे. माझ्या कामात याचेच दुसरे रूप आहे. मुद्रित तपासताना अर्थ वाचायचा नसतो, अक्षर वाचायचे असते, आणि मन मात्र अर्थाकडे धाव घेते. लाल हा शब्द हिरव्या शाईत छापून शाईचा रंग विचारला की माणूस अडखळतो, हे जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली मोजून दाखवले. त्या अडखळण्याच्या क्षणी बाहुलीही जास्त रुंदावते हे नंतर दिसले. मी दिवसाचे सहा तास तशीच अडखळत असते आणि त्याचे मला पैसे मिळतात.

या नियंत्रणाचे दोन प्रकार टॉड ब्रेव्हर यांनी मांडले आहेत, आणि ते समजायला आपल्या भाषेत एक म्हण तयारच आहे. एक म्हणजे आधीपासून मनाची तयारी ठेवून पुढच्या क्षणाची वाट बघणे. दुसरे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. हे तपासायचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. पडद्यावर अक्षरे येतात. ए आल्यानंतर एक्स आला तर एक बटण दाबायचे. दुसरे कोणतेही अक्षर आधी आले असेल तर एक्स आला तरी दुसरे. ए आणि एक्सची जोडी वारंवार येत असल्यामुळे बोट त्याच बटणाकडे ओढले जाते, आणि बी आल्यानंतर आलेल्या एक्सपाशी मागचा बी मनात धरून ठेवलेला असेल तरच माणूस चुकीपासून वाचतो. स्किझोफ्रेनिया असलेली माणसे इथे जास्त चुकतात, हे जोनाथन कोहेन आणि इतरांच्या कामातून १९९० च्या दशकापासून दिसत आले आहे. पण या प्रयोगाची मला आवडलेली बाजू वेगळीच आहे. ए आल्यावर निरोगी माणूस एक्ससाठी इतका सज्ज होऊन बसतो की भलतेच अक्षर आले तर तोच फसतो. तयारीची किंमत असते. दादाकडे फारशी तयारी नसते म्हणून तो सतरा तारखेला अडकतो. माझी तयारी इतकी पक्की की त्याने मान वर करताच मला आजार दिसतो, समोर हिशेब असला तरी.

सूचना देणारे अक्षर आणि नंतरचे अक्षर यांच्या मधल्या रिकाम्या सेकंदांत बाहुली काय करते, हे आता असे प्रयोग करणारे मोजतात. अजून काहीच दिसलेले नसते, बटण दाबायचे नसते, बाहेरून बघणाऱ्याला माणूस नुसता बसलेला दिसतो. तयारी होत असेल तर ती त्याच सेकंदांत, बाहुलीच्या त्या अर्ध्या मिलिमीटरच्या आत कुठेतरी दिसते. दादा पुष्कळदा नुसता बसलेला असतो. नळ सोडण्याआधी, जिना उतरण्याआधी, फोन उचलण्याआधी तो क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्याला आम्ही घरात मंदपणा म्हणत आलो. तो विहीर खणत असेल, किंवा आदल्या रात्रीच खणून आता त्यात डोकावत असेल. मला ते कळायला मार्ग नाही. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभ्या केलेल्या 'सा' (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन) या संस्थेच्या स्वमदत गटात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. दोन्ही शब्द मला आवडतात, आणि शुभंकर म्हणवून घेताना थोडा संकोचही वाटतो. शुभ करणारा माणूस इतका पहारा करत असेल का?

मे महिन्यात एका दुपारी मी काहनेमान यांचा दुसरा प्रयोग स्वतःवर करून बघायचे ठरवले. चार आकडे ऐकायचे, आणि ठोक्याला ठोका धरून प्रत्येकात एक मिळवून ते परत म्हणायचे. फोन खिडकीच्या चौकटीवर उभा करून मी माझ्याच डोळ्याचे चित्रण सुरू केले, आणि पहिल्याच प्रयत्नात लक्षात आले की आकडे स्वतःच ठरवले तर त्यात कष्ट काहीच नाहीत. दादा गॅलरीत कपडे वाळत घालत होता. माझी बडबड ऐकून तो आत आला आणि काय चालले आहे ते विचारले. मी सांगितले. त्याने टेबलावर बोटाने ठोके द्यायला सुरुवात केली आणि आमचे आजोबा पावकी-निमकी विचारायचे त्याच सुरात आकडे टाकले, ''पाच, दोन, नऊ, चार.'' मी म्हणाले, ''सहा, तीन, शून्य, पाच.'' ''आता तीन तीन मिळव,'' तो म्हणाला. मी आठ म्हणाले, पाच म्हणाले, आणि नवापाशी माझा ठोका चुकला. दोन येते, हातचा सोडून द्यायचा, हे समजेपर्यंत पुढचा चार हातातून निसटून गेला होता. दादा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर वाकून माझ्या डोळ्यात बघत होता. लहानपणी आम्ही पापणी न लववता एकमेकांकडे बघण्याचा खेळ खेळायचो आणि दर वेळी तोच जिंकायचा. तेव्हाचीच ती नजर होती, संथ आणि जराशी खोडकर. ''मोठं झालं गं,'' तो म्हणाला. ''आणि सोडलंस तेव्हा बारीक झालं. दिसलं मला.''

त्या क्षणी मला काय वाटले ते नेमके सांगता येत नाही. उघडे पडल्यासारखे वाटले, एवढे खरे. कोणी आपला प्रयत्न सुटताना बघितला आहे, आणि तेही इतक्या जवळून, ही जाणीव मानेच्या मागे गरम होऊन पसरली. तो वाईट बोलला नव्हता, मोजून सांगितले होते इतकेच. नंतर चित्रण लावून बघितले तर त्यात काहीच दिसेना. बुबुळ इतके काळे की बाहुली कुठे सुरू होते तेही समजत नव्हते. त्याला खरेच दिसले, की माझा आवाज ओढला गेला त्यावरून त्याने ओळखले, हे आता ठरवता येणार नाही. मी विचारले, ''तुझं बघू का?'' त्याने थोडा वेळ विचार केला. ''माझं नको,'' तो म्हणाला. मी फोन उचलून खिशात ठेवला, आणि तो उरलेले टॉवेल वाळत घालायला गेला. माझ्या डोक्यात आणखी एक जुना निबंध घोळत होता. १९७३ साली फिलिप होल्झमन यांनी दाखवले होते की हलत्या वस्तूचा पाठलाग करताना स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांची नजर धक्के खात जाते, आणि पुढच्याच वर्षी दाखवले की त्यांच्या अगदी जवळच्या, आजारी नसलेल्या नातेवाइकांपैकीही काहींची. मी कधी लंबकाकडे बघून स्वतःची नजर तपासलेली नाही. तपासायला सांगितले असते तर मीही बहुधा नको म्हणाले असते.

मेच्या शेवटी दादाने हिशेब दोन बैठकांत केला. मी त्या वेळात बाहेरच्या खोलीत एका व्याकरणाच्या पुस्तकाचे तिसरे मुद्रित तपासत होते आणि उठून आत जाण्याची इच्छा मला निदान चार वेळा झाली. त्याच आठवड्यात त्याने दूध दोनदा उतू घालवले होते, एकदा तर समोर उभा असताना, तेव्हा माझ्या मनात फार मोठी आशा होती असे नाही. शेवटी तो पाठकोरा कागद घेऊन आला आणि माझ्या मुद्रितावर ठेवून म्हणाला, ''अठराशे छप्पन्न.'' दूधवाल्या काकांची चिठ्ठी सकाळीच आली होती. तिच्यावर १९२० होते. मी कालनिर्णय काढून आणले, एकतीस दिवस मोजले, तीन खाडे, चार टिंबे म्हणजे दोन लिटर, एकूण तीस लिटर. चौसष्टच्या दराने १९२०. माझा आणि काकांचा हिशेब जुळत होता. मी मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे न बघता कागदाकडे बघायचे म्हणून पुन्हा खाली घातली.

''वीस तारीख,'' दादा म्हणाला. ''दूध नासकं निघालं. काकांनी परत नेलं. तू घरी नव्हतीस.''

मी पान उजेडाकडे नेले. वीस तारखेच्या चौकटीत तिथी-नक्षत्राच्या बारीक अक्षरांच्या गर्दीत, अगदी खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीची फिकट फुली होती. ती शोधायला मला चष्मा काढून कागद नाकाजवळ धरावा लागला. दारावरची घंटा वाजली. पैसे न्यायला काका आले असणार. दादा टेबलावरची चिठ्ठी, स्वतःचा कागद आणि कालनिर्णय असे तिन्ही घेऊन दाराकडे निघाला. चौकटीपाशी तो त्याच्या सवयीने क्षणभर थांबला, आणि मग त्याने कडी काढली.